पिशव्या मी आदल्या दिवशी फाडल्या

ही गोष्ट सांगायची मी वीस वर्षं टाळली. टाळायला फार काही करावं लागत नाही. कुणी विचारत नाही आणि आपण बोलत नाही, एवढ्यावर वर्षं निघून जातात.

मागच्या महिन्यात पंचायतीची माणसं घरी आली. माळावरच्या जांभळाभोवती कट्टा बांधायचं ठरलंय, त्यावर एक फरशी बसवून तुमचं नाव घालतो, हुद्द्यासकट, असं म्हणाले. आमच्या गावात त्या झाडाला सुभेदाराचं जांभूळ म्हणतात. उंब्रजहून गावाकडे येताना ओढा ओलांडला की डाव्या हाताच्या उघड्या माळावर ते एकटंच दिसतं. मी त्यांना चहा पाजला आणि मान डोलावली. ती माणसं गेल्यापासून मला स्वस्थता नाही.

ते झाड मी लावलेलं नाही. मी त्या माळावर साडेतीनशेच्या आसपास रोपं लावून घेतली आणि ती सगळी मेली. हे एक झाड माझ्या थोरल्या वहिनीनं लावलं. बाकीची तिचीच रोपं मी मारली आणि दोष तिच्यावर ढकलला. हे आता लिहून ठेवतो.

वहिनी खंडाळ्याकडची. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आई नव्हती. माझ्या डोक्याला तेल लावण्यापासून भरतीला निघालो त्या पहाटे चटणी-भाकरीचं गाठोडं हातात देण्यापर्यंत सगळं तिनं केलं. पुढं मी पलटणीत राहिलो आणि माझ्या वाट्याचा ऊसही ती आणि दादा बघत राहिले. मी पेन्शनीवर आलो त्याच्या आधी चार वर्षं दादा गेला होता. त्यांची मुलगी सांगलीला दिलेली. वहिनीच्या हाताला तसं काम उरलं नव्हतं. मी आल्यावर शेतीत लक्ष घातलं, म्हणजे खरं तर तिच्या हातातून काढून घेतलं. तेव्हा तिनं रोपं करायला सुरुवात केली.

दुधाच्या पिशव्यांत करायची. उंब्रजला बाजाराला गेली की हायवेवरच्या चहाच्या टपऱ्यांवर जाऊन रिकाम्या पिशव्या मागायची. घरी आणून धुवायची, घरामागच्या परड्यातल्या तारेवर चिमट्यांनी वाळत घालायची. मला त्याची लाज वाटायची. पारावर एकदा कुणीतरी म्हणालं, "सुभेदार, तुमच्या वैनी भंगार गोळा कराय लागल्या व्हय?" मी हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन तिच्याशी दोन दिवस नीट बोललो नाही. तिनं कारण विचारलं नाही.

कामाला मात्र ती पक्की होती. ओढ्याकाठची माती, जुनं शेणखत आणि थोडी वाळू चाळणीनं चाळून घ्यायची. पिशवीला खालून दाभणानं भोकं पाडायची. चिंचोके रात्रभर पाण्यात टाकायची. बेहड्याचं बी कडक, ते शेणकाल्यात दोन दिवस बुडवायची. जांभळाचं तसं नव्हतं. जांभूळ खाल्लं की बी धुऊन त्याच आठवड्यात मातीत. "हे बी थांबत न्हाई," म्हणायची. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात. त्यातला एक ठेवून बाकीचे खुडावे लागतात. ते तिच्या जिवावर यायचं. खुडताना तोंड बाजूला करायची.

दर पंधरवड्याला ती प्रत्येक पिशवी उचलून जागची हलवायची. नाहीतर मुळं पिशवीतून खाली जमिनीत शिरतात आणि उचलताना तुटतात. लावायच्या आधी तीन आठवडे आंब्याच्या सावलीतून सगळ्या पिशव्या उघड्यावर, उन्हात न्यायची आणि पाणी कमी करत जायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमी न्हाई का पोरांस्नी ट्रेनिंग देत? माळावर सावली कोन धरनार हाय त्यांच्यावर?" मला ते आवडलं होतं. ते मला चांगलं आठवत होतं, हे इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

दोन वर्षांत परडं भरलं. शाळेची मुलं तिला झाडवाली आज्जी म्हणू लागली. शेजारच्या गावच्या गुरुजींनी येऊन रोपं बघितली आणि पुढच्या पावसाळ्याला आम्हालाही दोनशे द्या म्हणून सांगून गेले. त्या दिवशी तिनं शिरा केला. दादा गेल्यानंतर घरात पहिल्यांदा गोडाचं झालं ते त्या दोनशे रोपांसाठी.

माळावर झाडं लावायची कल्पना माझी. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की शाळेची सगळी मुलं माळावर न्यायची, तालुक्याचे मोठे साहेब बोलवायचे आणि एका शिट्टीवर सगळी झाडं लावायची. उन्हाळ्यातच मी दोरी धरून ओळी आखल्या, चुन्याची फक्की टाकली, खड्डे घेतले. एका ओळीत पंचवीस. कुठूनही बघा, तिरकं बघा, ओळ सरळच दिसायची. वहिनी एकदा येऊन बघून गेली. म्हणाली, तिथं खडक हाय, तिथं पानी साचतंय, थोडं हिकडं-तिकडं सरकवा. मी म्हणालो, ओळ बिघडेल.

ऑगस्टच्या तेरा तारखेला तिच्या माहेरी चुलत भाऊ वारला म्हणून निरोप आला आणि ती खंडाळ्याला गेली. जाताना उंबऱ्यात चप्पल घालता घालता तिनं मला सांगितलं, "भावजी, पिशवी खड्ड्याच्या तोंडाशी फाडायची. हातात धरून, बुडाकडनं. मातीचा गड्डा हलू द्यायचा न्हाई. पोरांस्नी एकेकाला दावा." मी हो म्हणालो. एस.टी.पर्यंत तिला मीच सोडलं, तेव्हा गाडीत चढतानाही तिनं तेच पुन्हा सांगितलं. मला वाटलं, मला काय सांगते ही, मी साडेआठशे माणसांची व्यवस्था बघितलेली आहे.

चौदा तारखेला दुपारी आम्ही ट्रॉलीतून रोपं माळावर नेली. मी उभा राहून हिशेब केला. एकेका मुलानं पिशवी फाडायची म्हणजे वेळ जाणार. गणवेशाला चिखल लागणार. साडेतीनशे पिशव्या वाऱ्यावर माळभर उडणार, आणि साहेब तर वीस मिनिटंच थांबणार होते. पलटणीत परेड उद्या असली की आजच सगळं तयार करून ठेवायचं, बुटाच्या नाडीपर्यंत. त्या सवयीनं माझं डोकं चाललं. मी सोबतच्या चार गड्यांना सांगितलं, सगळ्या पिशव्या आत्ताच फाडा, गोळा करून पोत्यात भरा आणि रोप ज्याच्या त्याच्या खड्ड्याशेजारी ठेवा. त्यातला एक म्हातारा गडी म्हणाला, "आवं, वैनी म्हणत हुत्या..." मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. पहिली पन्नास-साठ मी स्वतः फाडली. माती भुसभुशीत होती, निम्मी तिथंच सांडली. पांढरी मुळं दिसत होती. मी ती पाहिली. उद्या सकाळी तर लावायचीच आहेत, असं मनाशी म्हणालो.

संध्याकाळी साडेपाचला सगळं झालं. मी खालच्या बांधावर जाऊन मागं वळून बघितलं. चौदा ओळी, प्रत्येक खड्ड्याच्या उजव्या हाताला एक रोप. मला फार बरं वाटलं. तो आनंद अजून आठवतो, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

त्या आठवड्यात उघडीप होती. रात्रभर वारा सुटला होता.

सकाळी झेंडावंदन झालं. दहाला येणारे साहेब आले नाहीत, वाटेत आहेत असा निरोप आला. मुलं माळावर उन्हात बसून राहिली. साडेअकराच्या सुमाराला वहिनी आली. मुक्कामाची एस.टी. धरून, घरी पिशवी टाकून ती तशीच वर चढून आली होती. ओळींच्या मधून ती चालत आली. एका करंजाच्या रोपाशी वाकली, उचलून बघितलं, खाली ठेवलं. मग दुसरं. मग माझ्यापाशी आली. पिशव्या कुणी फाडल्या हे तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "भावजी, पानी तरी मारा. टँकर हाय न्हवं खाली."

मी घड्याळ बघितलं. टँकर वर आणायचा म्हणजे ओळींमधून चिखल होणार, आणि साहेब कोणत्याही क्षणी येणार. मी म्हणालो, "लावून झाल्यावर मारू, वैनी. आत्ता चिखल नको."

साहेब दोन वाजता आले. मी शिट्टी वाजवली. सतरा मिनिटांत सगळी झाडं लागली. साहेबांनी माझा हात हातात घेऊन, असं शिस्तीचं वृक्षारोपण तालुक्यात पाहिलं नाही, असं सांगितलं. गर्दीत वहिनीला त्यांच्यासमोर आणायचं माझ्या लक्षात आलं नाही, असं मी पुढं घरच्यांना सांगितलं. लक्षात आलं होतं. तिच्या लुगड्याला प्रवासाची धूळ होती.

टँकरनं पाणी मारलं, पण त्याचा उपयोग नव्हता. चार दिवसांत पानं वळली. पंधरा दिवसांत माळावर नुसत्या काटक्या उभ्या होत्या, एकदम सरळ ओळीत.

ऑक्टोबरात देवळाच्या मंडपात ग्रामसभा होती. रस्त्याचा विषय झाला, नळाचा झाला, मग एकानं झाडांचं काढलं. तो माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच पेन्शनीवर आलेला, पण शिपाई म्हणून. म्हणाला, "सुभेदार, झाडांची कवायत घेतली जनू. सावधानमधी हुबी केली आनि विश्राम द्यायचं इसरून गेला."

सगळा मंडप हसला. बायकाही हसल्या. मागं खांबाला टेकून वहिनी बसली होती, फक्त ती हसली नाही. तीस वर्षं माझ्याकडं बघून असं कुणी हसलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि बोललो. ते शब्द मला पाठ आहेत.

"रोपंच कच्ची हुती. सावलीत वाढवलेली, दुधाच्या पिशवीतली. बायकांच्या हौशेनं कुठं जंगल हुतं का?"

सगळ्यांनी मागं वळून वहिनीकडं बघितलं. ती एकच वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. तीन आठवडे उन्हात ठेवली होती, किंवा पिशव्या आदल्या दिवशी फाडल्या. एकच. माझं तोंड तिथंच बंद झालं असतं. तो म्हातारा गडीही तिथंच बसला होता, तोही जमिनीकडं बघत होता. वहिनीनं पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला आणि समोर बघत राहिली. चौथरा झाडायच्या केरसुणीकडं बघत होती, हेही मला आठवतं. मग कुणीतरी पुढचा विषय काढला.

रात्री तिनं मला नेहमीसारखं वाढलं. भाकरी पापुद्र्याची होती, गरम होती.

शेजारच्या गावच्या गुरुजींनी पुढच्या वर्षी रोपं दुसरीकडून नेली. मुद्दाम सांगायला आले नाहीत, आमच्या रस्त्यावरूनच टेम्पो गेला. तिच्याकडची रोपं कच्ची निघतात ही गोष्ट आजूबाजूच्या गावांत पोहोचली होती. चाळलेल्या मातीचा ढीग तिनं वांग्याच्या वाफ्यात पसरला. चाळण धुऊन माळ्यावर टाकली. उरलेल्या पिशव्यांचं मात्र मला सांगितलं पाहिजे. दोन वर्षांच्या साठवलेल्या, धुतलेल्या, शेकड्यांनी बांधून ठेवलेल्या पिशव्या होत्या. आंघोळीच्या पाण्याचं चुलवण पेटवायला ती रोज सकाळी त्यातली एक घ्यायची. प्लास्टिक चटकन पेट घेतं. धूर काळा आणि वास कडू. सात-आठ महिने त्या पुरल्या. त्या पाण्यानं मी रोज आंघोळ केली.

माझी बायको तेव्हा एकदा मला म्हणाली, "तुमी वैनींशी बोला की एकदा."

"काय बोलू?"

"जे हाय ते."

मी तिच्यावर ओरडलो. त्यानंतर तिनंही तो विषय काढला नाही.

त्या पंधरा ऑगस्टला सगळे खाली गेल्यावर वहिनी मागं राहिली होती, हे मला नंतर कळलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून एक जांभळाचं रोप तिनं वेगळं ठेवलं होतं. ट्रॉलीत भरताना ते राहून गेलं होतं. संध्याकाळी ते घेऊन ती परत माळ चढली आणि मोठ्या दगडाच्या आडोशाला, माझ्या ओळीच्या बाहेर, स्वतःच खड्डा करून लावून आली. ते जगलं. पहिले दोन उन्हाळे ती कळशीनं पाणी घालायची. कुठं जाता म्हणून मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. पाच-सहा वर्षांत झाड लांबून दिसू लागलं. साडेतीनशेतलं एक तरी सुभेदारानं जगवलं, असं लोक म्हणू लागले. पहिल्यांदा कुणी माझ्या तोंडावर तसं म्हणालं तेव्हा वहिनी पाच हातांवर शेंगा निवडत बसली होती. मी काही बोललो नाही. पुढच्या वेळी गप्प बसणं सोपं गेलं.

गुडघे गेल्यावर तिला मुलीनं सांगलीला नेलं. कानही गेले होते. मशीन दिलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून तिनं डबीत घालून ठेवलं होतं. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये मी सांगलीला गेलो. ठरवून गेलो होतो. कराडला गाडी बदलताना काय बोलायचं ते मनात म्हणून बघितलं. डब्यात त्या झाडाची जांभळं होती, स्वतः वेचलेली. माळ चढायला मला दोनदा बसावं लागलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. दार उघडं, समोरच्यांचंही दार उघडं. जावई पेपर वाचत होते, त्यांची आई भाजी निवडत होती. वहिनी खिडकीशी खुर्चीत. इतकी लहान झाली होती की मी क्षणभर दुसऱ्याच कुणाकडं तरी बघत होतो. मी पाया पडलो. तिनं डबा उघडला आणि एक जांभूळ तोंडात टाकलं.

"कुठली वं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, तिला ऐकू गेलं नाही. पुतणी कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, "गावाकडची, आई. काकांच्या झाडाची."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. जीभ जांभळी झाली होती. मग म्हणाली, "लय ग्वाड हायती. झाड चांगलं लावलंसा, भावजी."

ती विसरली होती, का मला ते झाड देऊन टाकत होती, हे मला आजही सांगता येत नाही. मी तिचे डोळे बघितले, त्यातून काही समजलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं. पण जे बोलायचं ते तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचं म्हणजे ओरडूनच सांगायला हवं होतं, जावयासमोर, त्यांच्या आईसमोर, समोरच्या उघड्या दारात. मंडपात साऱ्या गावासमोर मला खोटं बोलता आलं होतं. इथं चार माणसांत खरं बोलता आलं नाही. मी खुर्ची जवळ ओढली, तिच्या कानाशी वाकलो आणि मोठ्यानं म्हणालो, "औंदा पाऊस बरा हाय, वैनी."

"हूं," ती म्हणाली. "असंल."

निघताना तिनं मला थांबवलं. खाल्लेल्या जांभळांच्या बिया तिनं वाटीत धुतल्या होत्या. त्या पेपरच्या तुकड्यात बांधून माझ्या हातात दिल्या आणि माझी बोटं वरून मिटवली. "गेल्या गेल्या मातीत टाका. हे बी थांबत न्हाई."

त्या बिया मी टाकल्या. दुधाच्या पिशव्या आता घरीच येतात. अकरांतल्या सात उगवल्या. कोंब खुडले, दर पंधरवड्याला पिशव्या हलवल्या, सगळं ती करायची तसं केलं. रोपं वीतभर झाली तेव्हा जानेवारी होता, आणि सांगलीहून फोन आला. माती द्यायला गेलो तेव्हा तिचे हात झाकलेले होते.

फरशीचं मी सरपंचांना जाऊन सांगितलं, ते झाड वहिनीचं, तिचंच नाव घाला. ते हसले. म्हणाले, "सुभेदार, आता कशाला जुनं उकरताय? घर एकच की. तुमचं काय, न् त्यांचं काय." फरशीवर कुणाचं नाव येईल ते मला माहीत नाही. म्हणून हे लिहिलं.

या पावसाळ्यात सातही रोपं मी माळावर नेली. ओळ धरली नाही, जिथं माती दिसली तिथं खड्डा घेतला. प्रत्येक पिशवी खड्ड्याच्या तोंडाशी ब्लेडनं बुडाकडून फाडली. गड्डा हलला नाही. वर कुणी नव्हतं, मोठ्यानं बोललो असतो तरी चाललं असतं. बोलायचं म्हणून थोडा वेळ मोठ्या जांभळाखाली बसलोही. मग तसाच खाली उतरलो. जे बोलायचं होतं ते फार नव्हतं.

वैनी, रोपं कच्ची नव्हती. तुमी त्यांस्नी तीन आठवडं उन्हात ठेवलं हुतं, मला ठावं हुतं. पिशव्या मी फाडल्या, आदल्या दिशी. पानी मारा म्हनलासा, ते बी मीच मारू दिलं न्हाई. आनि मंडपात तुमी गप ऱ्हायलासा, ते माझ्यासाठी. माझं चुकलं.